देवावर विसंबायचे म्हणजे नेमके काय करायचे?

देवावर भरवसा ठेवा, हा उपदेश मंडळीत (चर्चमध्ये) वारंवार ऐकायला मिळतो. पण नोकरी गेल्यावर, आजाराचे निदान हाती पडल्यावर किंवा कोर्टाची नोटीस आल्यावर तो आचरणात कसा आणायचा, हे क्वचितच कोणी समजावून सांगते. त्यामुळे विश्वासणाऱ्यांमध्ये दोन प्रकार दिसतात. काही जण सगळी धावपळ स्वतःच्या बळावर करून प्रार्थना शेवटी उरकून घेतात, तर काही जण प्रयत्न करणे हाच अविश्वास मानून हातावर हात ठेवून बसतात. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या दोन्हींना आधार नाही. तिथे देवावर विसंबणे शिकायचे असेल, तर प्राचीन यहूदा राज्याचा राजा हिज्कीया याच्याकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते, कारण हा माणूस एकाच संकटात आधी चुकीच्या आधाराकडे वळला आणि नंतर योग्य ठिकाणी गेला, आणि शास्त्राने त्याच्या या दोन्ही वाटा झाकून न ठेवता नोंदवल्या आहेत.

आधी आपला आधार ओळखावा

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूर (असिरिया) या बलाढ्य राज्याचा राजा सन्हेरीब याने यहूदाची तटबंदीची नगरे एकामागून एक काबीज केली. तेव्हा हिज्कीयाने शरणागतीचा निरोप पाठवला आणि ३०० किक्कार (वजनाचे एक जुने मोठे माप) चांदी व ३० किक्कार सोने खंडणी म्हणून मोजायचे कबूल केले. राजवाड्याचे भांडार पुरेना, म्हणून मंदिरातील चांदी काढली गेली. एवढेच नव्हे, तर मंदिराच्या दारांना आणि खांबांना स्वतः त्यानेच मढवलेले सोनेही उतरवावे लागले. इतके करूनही अश्शूरी सैन्य राजधानी यरुशलेमेच्या वेशीपाशी येऊन उभे राहिलेच.

हे उतरवलेले सोने दुर्लक्षून पुढे जाऊ नये. आपण जेव्हा जगिक बळाच्या आश्रयाला जातो, तेव्हा त्याची किंमत बहुधा देवाला वाहिलेल्या गोष्टींतून चुकती होते. जास्तीच्या कामासाठी उपासनेची वेळ जाते, पैशाच्या चिंतेपोटी दशांश (उत्पन्नाचा देवाला दिला जाणारा दहावा भाग) थांबतो, साहेबाची मर्जी राखण्यासाठी सत्य थोडे वाकवले जाते. म्हणून एक वही घेऊन बसावे आणि सध्याच्या अडचणीत आपण कोणत्या दारावरचे सोने खरवडत आहोत, ते नेमक्या शब्दांत लिहावे. संकटाची बातमी कळताच आपण सर्वप्रथम कोणाला गाठतो, रात्री झोप उडते तेव्हा मन कशाचा हिशेब मांडत बसते, आणि कोणती गोष्ट हातची गेली तर सगळेच संपले असे वाटेल, हेही लिहावे. उत्तर मोघम नसावे. बचत, वशिला, प्रकृती, पदवी, कमावता मुलगा, जे असेल ते नाव घेऊन लिहावे. यांतली कोणतीही गोष्ट स्वतःत वाईट नाही, आणि त्यामुळेच ती देवाची जागा कधी घेते हे लवकर ध्यानात येत नाही.

पत्र देवापुढे पसरावे

सन्हेरीबाच्या सरदाराने तटाखाली उभे राहून नगरवासीयांना समजेल अशा त्यांच्याच भाषेत धमकावले. तुम्ही ज्याच्या मदतीवर टेकता तो मिसर (इजिप्त) म्हणजे चेचलेला बोरू आहे, टेकणाऱ्याच्या हातातच तो घुसेल, असे तो म्हणाला. आणि दोन हजार घोडे देतो, त्यांवर बसायला स्वार तरी आहेत का, असे हिणवले. राजाच्या आज्ञेप्रमाणे लोक गप्प राहिले. भीती दाखवणाऱ्या प्रत्येक बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याची गरज नसते, हा या प्रसंगातला लहानसा पण मोलाचा धडा आहे.

पुढे धमकीचे पत्र आले. हिज्कीयाने ते वाचले, ते घेऊन तो परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि त्याने ते परमेश्वरापुढे उलगडून ठेवले. ही कृती जशीच्या तशी करता येते. वैद्यकीय अहवाल, बँकेचे पत्र, कार्यालयातून आलेला मेल, जे काही छातीत धडकी भरवत असेल ते खरोखर समोर ठेवून गुडघे टेकावेत. मनातल्या मनात पुसटशी विनंती करणे निराळे आणि त्या कागदावरची एकेक ओळ देवाला वाचून दाखवणे निराळे.

त्याच्या प्रार्थनेचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आरंभी तो आपल्या संकटाचा उल्लेखसुद्धा करत नाही. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा, सर्व राज्यांवरचा एकमेव देव तूच आहेस, हे तो प्रथम कबूल करतो. मग शत्रूचे शब्द ऐक, अशी विनवणी करतो. त्यानंतर तो एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो, ती म्हणजे अश्शूरच्या राजांनी अनेक राष्ट्रे खरोखरच उजाड केली आहेत. विश्वास म्हणजे वस्तुस्थिती नाकारणे, असा समज बाळगणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे. अहवालात गाठ दिसत असेल तर गाठ आहे असेच देवाला सांगावे. सर्वात शेवटी तो सुटका मागतो, आणि तीही सर्व राज्यांना देव कोण आहे हे कळावे म्हणून. आपली प्रार्थना विस्कळीत होत असेल, तर काही काळ याच क्रमाने ती लिहून काढावी. लिहिताना मनाचा गोंधळ बराच निवळतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे, पत्र येण्याआधीच त्याने यशया संदेष्ट्याकडे माणसे पाठवून प्रार्थनेची विनंती केली होती. राजा असूनही हे मागायला त्याला संकोच वाटला नाही. आपणही मंडळीतील एकदोन विश्वासू व्यक्तींना अडचण स्पष्ट सांगावी; ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढेच म्हणून खरे कारण दडवू नये.

साधने वापरावीत, पण नजर कुठे आहे ते तपासावे

याच हिज्कीयाने वेढ्याच्या काळात पाणी मिळावे म्हणून गीहोन झऱ्याचे पाणी बोगदा खोदून नगरात वळवले. तो बोगदा सुमारे ५३३ मीटर लांबीचा आहे आणि दोन्ही टोकांकडून खोदत येणारे कामगार मध्ये कसे भेटले, याचा शिलालेख १८८० मध्ये तिथेच सापडला. शास्त्र या कामाचा उल्लेख त्याच्या पराक्रमांत करते. तरीही यशया यरुशलेमकरांना बजावतो की, तुम्ही जलाशय बांधला, तट बळकट केला, पण ज्याने हे सारे फार पूर्वी योजले त्याच्याकडे पाहिले नाही. दोष खोदण्याला नाही, न पाहण्याला आहे. माझ्या मते या विषयातला बहुतेक गोंधळ या एका भेदाने मिटतो.

साधने घ्यावीत की सोडावीत, याला सर्वांसाठी एकच नियम नाही. बाबेलातून (बॅबिलोनहून) परतणाऱ्या यहूद्यांचा पुढारी एज्रा यरुशलेमेस निघाला तेव्हा, पारसच्या (इराणच्या) राजापुढे देवाच्या रक्षणाची ग्वाही दिल्यामुळे, त्याला सैनिक मागण्याची लाज वाटली. अहवा नदीकाठी सर्वांनी उपास केला आणि ते सोबतीला सैन्य न घेता निघाले. पुढे काही वर्षांनी दुसरा यहूदी पुढारी नहेम्या याने यरुशलेमेच्या प्रवासासाठी राजाने दिलेले सरदार आणि घोडेस्वार सोबत घेतले आणि देवाचा कृपेचा हात आपल्यावर आहे असेही म्हटले. दोघेही देवावर विसंबलेले होते. सैन्य न घेणाऱ्या एज्राने चांदी, सोने आणि पात्रे मात्र वजन करून याजकांच्या हवाली केली आणि पोहोचल्यावर पुन्हा सगळ्याचे वजन करून नोंद ठेवली. देवावरचा भरवसा हा बेहिशेबीपणाचा परवाना कधीच नव्हता.

औषधोपचाराच्या बाबतीत तर फार सांभाळून बोलले पाहिजे. यहूदाचा पूर्वीचा राजा आसा याने आजारपणात परमेश्वराचा धावा न करता वैद्यांचाच आश्रय घेतला, हे वचन पुढे करून कोणाची औषधे बंद करणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. आसाने ज्याची वाट धरली नाही तो परमेश्वर होता. वैद्यांकडे जाणे हा त्याचा अपराध नव्हता. हिज्कीया मरणासन्न असताना देवाने आयुष्याची १५ वर्षे वाढवून देण्याचे वचन दिले, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. म्हणून गोळी घेताना आभार मानावेत, शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना प्रार्थना करावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपचार थांबवू नयेत.

आपली नजर साधनावर खिळली आहे का, याची एक खूण सांगता येते. ते साधन कमी झाले की प्रार्थनाही थांबते का, हे पाहावे. इस्राएलाचा सेनानायक गिदोन शत्रूशी लढायला निघाला तेव्हा त्याच्याजवळ ३२,००० माणसे होती. देवाने ती आधी १०,००० वर आणि मग ३०० वर आणली, कारण इस्राएलाने आपल्याच हाताने सुटका झाली अशी फुशारकी मारू नये. आपल्या हातातली संख्या घटते तेव्हा देवाने पाठ फिरवली असा निष्कर्ष लगेच काढू नये.

उत्तर वेगळे आले तर

हिज्कीयाच्या प्रार्थनेनंतर सन्हेरीब आपल्या निनवे नगरीला परतला. पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, मात्र, त्याने तीन वेळा विनवूनही, निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि सामर्थ्य दुर्बलतेत पूर्णत्वास येते, एवढेच उत्तर त्याला मिळाले. आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) जगण्याचीही आशा सुटली होती, ती स्वतःवर नव्हे तर मृतांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकावे म्हणून, असे तो करिंथ शहरातील मंडळीला लिहितो. ज्यांची विनंती मान्य झालेली नाही, त्यांना ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे म्हणणारे लोक पौलालाही तेच म्हणणार का, याचा त्यांनी विचार करावा. अशा काळात मोठ्या निश्चयांपेक्षा त्या एका दिवसापुरते बळ मागावे, आणि शब्द सुचत नसतील तर शत्रूंनी घेरलेल्या यहूदाच्या राजा यहोशाफाटाप्रमाणे काय करावे ते कळत नाही, पण डोळे तुझ्याकडे लागले आहेत, एवढेच सांगावे.

सुटका झाल्यावर

आजार बरा झाल्यावर बाबेलहून दूत आले, तेव्हा हिज्कीयाने त्यांना चांदी, सोने, मसाले आणि सारे शस्त्रागार दाखवले. आपल्या राज्यातली अशी एकही वस्तू नव्हती जी त्याने दाखवली नाही. ज्या देवाने त्याला मरणाच्या दारातून परत आणले, त्याचे नाव मात्र त्या भेटीच्या वृत्तांतात आढळत नाही. वेढ्यात टिकलेला माणूस पाहुण्यांसमोर घसरला. म्हणून काम मार्गी लागताच आरंभीची वही उघडून प्रार्थनेशेजारी उत्तर आणि तारीख लिहावी, अडचणीत थांबलेली उपासना किंवा दशांश आधी पूर्ववत करावा, आणि कोणी ‘हे कसे जमवले’ असे विचारले तर मदत करणाऱ्या माणसांची नावे घेत देवाने काय केले तेही त्याच संभाषणात मोकळेपणाने सांगावे.