लाडकी बहीण पडताळणी: माहिती हाताळताना या चुका टाळा

जून २०२५ पासून लाडकी बहीण योजनेतल्या सुमारे २६ लाख ३४ हजार महिलांचे हप्ते तात्पुरते थांबवले गेले. वेगवेगळ्या विभागांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर ही नावं अपात्र दिसली आणि फेरपडताळणी जिल्ह्यांकडे आली. खोटे लाभ शोधायलाच हवेत, पैसा जनतेचा आहे. पण अशी यादी मंत्रालयातून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि शेवटी अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवर उतरते, त्या वाटेवर बाईची अब्रू कुणाकुणाच्या हातात पडते याचा विचार फारसा होत नाही. यादी हाताळणाऱ्यांनी आणि यादीत नाव आलेल्या बहिणींनीही खालच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

संशय म्हणजे निकाल नव्हे

सगळ्यात मोठी चूक हीच. चारचाकी असलेलं कुटुंब योजनेत बसत नाही आणि संगणकाला पतीच्या नावावर चारचाकी दिसते. प्रत्यक्षात गाडी केव्हाच विकलेली असते, फक्त घेणाऱ्याने आरटीओत नाव बदलून घेतलेलं नसतं. कुठे रेशनकार्ड एक असतं पण चूल वेगळी, आणि गाडी असते दिराची. योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. दीर त्यात येत नाही. ट्रॅक्टरला तर नियमातच सूट आहे. एवढं तपासण्याआधीच तालुक्याच्या एक्सेलमध्ये रकान्याला ‘बोगस लाभार्थी’ असं नाव दिलं, तर पुढचा प्रत्येक वाचणारा तेच खरं धरून चालतो. रकान्यात ‘पडताळणी बाकी’ एवढंच लिहा. नोंद कोणत्या विभागाकडून आली आणि कोणत्या तारखेची आहे, हेही शेजारी लिहा, म्हणजे जुनी नोंद जुनी म्हणून ओळखू येईल. तपासात नाव निर्दोष ठरलं, तर ते खाली उतरलेल्या प्रत्येक प्रतीतून काढा. हे शेवटचं काम जवळजवळ नेहमीच राहून जातं.

नेदरलँड्सच्या करखात्याने फसवणुकीच्या संशयितांची अशीच एक यादी वर्षानुवर्षं बाळगली होती. तिच्यात सुमारे २ लाख ७० हजार माणसं होती. चुकून नाव आलेल्यांना थकबाकी हप्त्यांनी फेडायची सवलतही नाकारली गेली. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने या यादीसाठी करखात्याला ३७ लाख युरोंचा दंड केला.

अख्खी फाईल व्हॉट्सॲपवर टाकणं

नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल असं सगळं असलेली फाईल ग्रुपवर पडली, की ती तुमच्या ताब्यात उरत नाही. सेविकेला तिच्या अंगणवाडीच्या हद्दीतली नावं आणि तपासायचा प्रश्न पुरतो. आधार लागलाच तर शेवटचे ४ अंक पुरेत. आधार क्रमांक जाहीरपणे लावायला आधार कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. नोंदणीत किंवा प्रमाणीकरणात मिळालेली ओळखीची माहिती जाणूनबुजून अनधिकृत माणसाला दिली, तर कलम ३७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एका विभागाने दुसऱ्याकडून मागायचं ते उत्तर, कागदपत्रं नव्हेत. घरात कुणी आयकर भरतं का, याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच आहे. विवरणपत्र कशाला हवं?

‘माहितीचा अधिकार आहे’ म्हणून यादी चावडीवर लावणं

इथे खूप गोंधळ होतो. अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करावा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं आणि ते योग्यच आहे. पण मंजूर लाभार्थ्यांची यादी वेगळी आणि चौकशी चालू असलेल्यांची वेगळी. दुसरी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणं म्हणजे सुनावणीआधीच शिक्षा.

अंगणात उभं राहून चौकशी करणं

शेजारी ऐकत असताना उत्पन्न, नवरा, घटस्फोट हे प्रश्न विचारू नका. सप्टेंबर २०२५ पासूनच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. त्यामुळे विधवा आणि घटस्फोटित बहिणींचे मृत्यू दाखले, न्यायालयाचे आदेश अंगणवाडीपर्यंत आले. घटस्फोटाच्या आदेशात संसाराची सगळी लक्तरं लिहिलेली असतात. असा कागद बंद पाकिटात घ्या, पोच द्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवू नका. तक्रार कोणी केली हेही कुणाला सांगू नका, नाहीतर भावकीत वैर पेटतं आणि त्याच गावात राहणाऱ्या सेविकेलाही ते भोवतं.

हप्ता थांबलाय, मग?

आधी बँकेत जा. पैसे आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मधल्या काळात दुसरं खातं जोडलं गेलं असेल, तर हप्ता तिकडे पडत असतो आणि बाईला वाटतं आपल्याला अपात्र केलं. तसं नसेल, तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन थांबवण्याचं कारण आणि कोणत्या नोंदीवरून ते ठरलं, ते विचारा. गाडी विकली असेल तर विक्रीचा कागद जोडा. ‘केवायसी करून देतो’ म्हणत आलेल्या लिंकवर आधार भरू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका.

आणि तुमचं नाव ग्रुपवर फिरताना दिसलं, तर यादी पुढे न पाठवता तारीख आणि ग्रुपचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. त्याची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक असलेली पोच घेऊनच तिथून निघा.