सगळं स्कॅन केलं, तरी कागद सापडत नाही? कार्यालयातल्या या चुका टाळा

गृहनिर्माण संस्था असो, सीएचं कार्यालय असो की वकिलाचं, कधीतरी ठरतं की आता सगळं दप्तर संगणकावर घ्यायचं. स्कॅनर येतो, उत्साहाने गठ्ठे उपसले जातात, आणि नंतर कुणी जुनं पत्र मागितलं की पुन्हा कपाटच उघडावं लागतं. यात स्कॅनरचा दोष फारसा नसतो. कोणत्या कागदाचं मूळ कपाटात आहे आणि कोणत्याचं संगणकात, हे कुणी ठरवलेलंच नसतं. माझ्या मते स्कॅनर घेण्याआधी करायचं काम हेच आहे.

मूळ आणि प्रत यांची गल्लत

सर्वात महागात पडणारी चूक ही. डिजिलॉकरचंच बघा. तिथे ‘इश्यूड’ विभागात थेट सरकारी खात्याकडून आलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र प्रतच राहतो. दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये दिसतात म्हणून लोक निर्धास्त होतात आणि मूळ कागदाकडे दुर्लक्ष करतात.

उलटी चूकही तितकीच होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफ म्हणून उतरवायचा, छापायचा, त्यावर शिक्का मारायचा, पुन्हा स्कॅन करायचा आणि ती फाइल ‘पक्की’ म्हणून जपायची. या फेऱ्यात स्वाक्षरी नाहीशी होते. ती पीडीएफच्या आत असते, कागदावर उमटतं ते तिचं चित्र. त्यामुळे उतरवलेली फाइल जशीच्या तशी ठेवा. ती अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर सातबारा खोटा आहे असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा त्या संगणकाला भारतीय प्रमाणपत्र यंत्रणेची ओळख करून दिलेली नसते. विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत तिचं मूळ प्रमाणपत्र घातलं की पडताळणी होते.

मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र संगणकाला मूळ मानताच येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० त्याला लागू होत नाही, म्हणून सहीचा कागदच जपावा लागतो. आणि संगणकातली नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, द्यायचं असतं. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी हे मूल्य बदलतं. म्हणून महत्त्वाच्या फाइलवर थेट काम करू नका, तिची प्रत काढून त्यावर करा.

स्कॅन डोळ्यांनी न तपासणं

२०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका इमारतीच्या नकाशात २१.११ चौरस मीटरची खोली प्रतीमध्ये १४.१३ झाली होती. कारण होतं फाइल लहान करण्याची पद्धत: सारखे दिसणारे आकार शोधून एकाच्या जागी दुसरा ठेवला जात होता. अक्षर पुसट असतं तर संशय आला असता, इथे चुकीचा आकडा स्वच्छ छापलेला होता. कंपनीने पुढे सुधारणा दिल्या. पण हिशेबाचे कागद सर्वात लहान फाइलच्या सेटिंगवर स्कॅन करू नयेत, हे आजही लागू आहे.

फीडरमधून, म्हणजे पानं आपोआप आत ओढणाऱ्या भागातून, काढलेल्या प्रत्येक पानावर उभी रेघ येत असेल तर मोठी काच पुसून उपयोग नाही. तिच्या शेजारी एक अरुंद काचपट्टी असते, डाग तिच्यावर असतो. स्टेपलची पिन राहिली तर हीच पट्टी कायमची चरे पडून खराब होते, म्हणून टाचण्या आणि टॅग आधी काढा. ‘कोरी पानं वगळा’ हा पर्यायही बंद ठेवा. करारनाम्याच्या मागे फिकट शिक्का असतो आणि यंत्र त्या पानाला कोरं समजून गाळू शकतं.

शोधता न येणारी फाइल

नुसतं स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातला मजकूर शोधायचा तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेणं, करावं लागतं, आणि तिथे भाषा इंग्रजीच ठेवलेली असली तर मराठी पत्राचा निव्वळ कचरा होतो. नॅप्स-टू या स्कॅनिंगच्या मोफत प्रणालीत टेसरॅक्ट या ओसीआर इंजिनचं मराठी भाषापॅक उतरवून घेता येतं. स्कॅनला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरे. हस्ताक्षराकडून मात्र फार अपेक्षा नको.

जुन्या वर्ड फाइल्सचं दुखणं वेगळं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत बहुधा दुसऱ्याच चिन्हांचे संकेत असतात. ‘ठराव’ शोधलं तर काहीच मिळत नाही. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर रफार नि जोडाक्षरं वाचून बघा, ती हमखास बिघडतात.

फाइलच्या नावासाठी नवी पद्धत शोधायची गरज नाही. आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक कागदावर असतोच, तोच नावात घाला आणि आधी तारीख लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. नोंदवही बंद करून टाकणं मला चुकीचं वाटतं. कपाट आणि संगणक यांना जोडणारा धागा तीच आहे.

थर्मल पावत्या आणि रद्दी

पेट्रोल पंपाची किंवा कार्ड मशिनची पावती उष्णतेने उमटते आणि उष्णतेनेच बिघडते. ती लॅमिनेट केली तर काळी पडते. आली त्याच दिवशी स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, दर्जा घटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

रद्दी काढायची घाई नको. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, कंपन्यांच्या वह्या ८ आर्थिक वर्षं. मुदत संपली तरी गठ्ठा देण्याआधी, ज्याने स्कॅन केलं त्याला सोडून दुसऱ्या कुणाला तरी बॅकअपच्या डिस्कवरून त्यातली काही पत्रं शोधून, उघडून, कागदाशी ताडून बघायला सांगा. त्यातलं एक जरी पत्र सापडलं नाही, तर तो गठ्ठा पुन्हा कपाटात जाईल.