केंब्रिजमध्ये कुठलं काम कोणाकडे न्यायचं?

आपल्याकडे कॉलेज शिकवतं आणि विद्यापीठ परीक्षा घेतं. केंब्रिजमध्ये व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी, सगळं विद्यापीठाकडे. पदवीच्या विद्यार्थ्यांची निवड, राहणं-जेवण आणि छोट्या गटातली शिकवणी कॉलेजकडे. रँग्लर परांजपे 1899 साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, ठरले ते विद्यापीठाच्या परीक्षेत. कॉलेज त्यांचं सेंट जॉन्स. इथल्या 31 कॉलेजांचा पैसा आणि नियम ज्याचे त्याचे असतात, त्यामुळे मित्राच्या कॉलेजात चालतं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही.

1. पहिल्या आठवड्यात तीन माणसं ओळखून ठेवा. तब्येत, पैसे, घरची अडचण यांसाठी ट्यूटर. तो बहुधा तुमच्या विषयाचा नसतो, आणि ते बरंच आहे: अभ्यासात मागे पडलात हे त्याला सांगताना संकोच वाटत नाही. पेपरांची निवड आणि शिकवणीची व्यवस्था डायरेक्टर ऑफ स्टडीजकडे; त्याला सगळे डीओएस म्हणतात. तिसरा सुपरव्हायझर, म्हणजे छोट्या गटातली शिकवणी घेणारा; तो दुसऱ्या कॉलेजचाही असू शकतो. शिकवणीला एक ते तीन विद्यार्थी, साधारण तासभर, आणि निबंध किंवा सोडवलेली गणितं आधीच पाठवायची. कोरे गेलात तर तास वाया. याचे गुण पदवीत धरत नाहीत, पण सत्राअखेरचा अहवाल ट्यूटर आणि डीओएस दोघंही वाचतात.

2. वेळापत्रक नीट वाचा. अध्यापनाचा आठवडा गुरुवारी सुरू होतो. पूर्ण सत्र जेमतेम आठ आठवड्यांचं. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून तीन मैलांच्या आत राहावं लागतं आणि ठरावीक रात्रींचा मुक्काम तिथे भरावा लागतो. दिवाळी नेमकी पहिल्या सत्रात येते. तिकीट काढण्याआधी ट्यूटरला विचारा.

3. फीचा हिशोब दोन रकान्यांत मांडा. भारतातून पदवीसाठी जाणाऱ्याला विद्यापीठाची फी आणि वर कॉलेज फी भरावी लागते, खोली-जेवण निराळं. कर्जाच्या अर्जात फक्त पहिला आकडा लिहिला की पैसे कमी पडतात. पदव्युत्तरला मात्र फी एकच.

4. परीक्षेच्या काळात आजारी पडलात तर विभागाला ईमेल करत बसू नका. विद्यापीठाच्या समितीकडे अर्ज कॉलेजमार्फत जातो, म्हणून त्याच दिवशी ट्यूटरला कळवा आणि डॉक्टरचा कागद घ्या. निकाल लागल्यावर सांगितलेलं आजारपण पटवणं फार अवघड. तक्रारींचंही तसंच: कॉलेजची तक्रार कॉलेजच्या प्रक्रियेनं, विद्यापीठाची विद्यापीठाच्या.

5. वरचा कारभार थोडक्यात. कुलपतीपद मानाचं, रोजचं नेतृत्व कुलगुरूंचं. धोरण कौन्सिल पाहते, शिक्षण-संशोधन जनरल बोर्ड. या दोन्हींच्या वर रीजंट हाउस, म्हणजे हजारो शिक्षक आणि अधिकाऱ्यांची सभा. तिच्यापुढे आलेल्या प्रस्तावाला ग्रेस म्हणतात. मुदतीत पुरेशी हरकत आली नाही तर तो मंजूर, आली तर मतदान. कौन्सिलवर विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी असतात.

कॉलेजात सत्ता फेलोंच्या, म्हणजे कॉलेजच्या शिक्षक-सदस्यांच्या, नियामक मंडळाची. प्रमुखाला कुठे मास्टर म्हणतात, किंग्जमध्ये प्रोव्होस्ट. खोलीभाडं इथेच ठरतं. ते वाढलं म्हणून कुलगुरूंना पत्र लिहून काही होणार नाही. कॉलेजच्या विद्यार्थी समितीला, म्हणजे जेसीआरला, गाठा, आणि तेही नव्या वर्षाचे दर ठरण्याआधी.