बडोद्याच्या कर्तबगार स्त्रिया: वाचनालयात कार्यक्रम कसा करावा

रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर पत्ता सांगताना सगळ्यांनाच लागतो. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात पोरं परीक्षेचा अभ्यास करतात. पण या बायका कोण होत्या असं विचारलं, की बहुतेक जण डोकं खाजवतात. छोट्या वाचनालयालाही त्यांची नीट ओळख करून देता येते, फक्त हारतुरे आणि लांबलचक मनोगतं आवरती घ्या.

आधी तारीख ठरवा. ८ मार्चला ज्याच्या त्याच्याकडे कार्यक्रम असतो, शिवाय मुलं परीक्षेत अडकलेली. ३ जुलै बघा, हा हंसाबेनचा जन्मदिवस (१८९७). पाऊस असतो, म्हणून खुर्च्या आतच मांडा.

मग नावं. तीन पुरेत, दहा घेतली तर प्रत्येकीच्या वाट्याला जन्म-मृत्यूची सालं तेवढी येतात. जमनाबाईंना मी सोडणार नाही. १८७५ मध्ये बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केल्यावर त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या या विधवेने नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव. बडोद्याचं एवढं नाव झालं, त्याची सुरुवात या बाईंच्या पसंतीपासून होते!

दुसरं नाव चिमणाबाईंचं, आणि इथे जपून. चिमणाबाई दोन होत्या, दोघी सयाजीरावांच्या राण्या. पहिल्या तंजावरच्या, माहेरच्या लक्ष्मीबाई. त्या १८८५ मध्ये वारल्या आणि टॉवर त्यांच्या स्मरणार्थ उभा आहे. दुसऱ्या देवासच्या, माहेरच्या गजराबाई. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष या दुसऱ्या. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं १९११ चं इंग्रजी पुस्तकही त्यांनीच एका सहलेखकाबरोबर लिहिलेलं. एकीचं छायाचित्र आणि दुसरीची माहिती, असा फलक लागला तर रांगेतल्या पहिल्याच आजी तो वाचून दाखवतील. म्हणून प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने नाव लिहा आणि मजकूर ग्रंथपालांशिवाय आणखी एकाकडून तपासून घ्या.

तिसऱ्या हंसा मेहता. जन्म सुरतेचा, वडील बडोद्याचे दिवाण, आणि १९४९ पासून त्या इथल्या विद्यापीठाच्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' होतं, तिथे 'सर्व मानव' आलं ते त्यांनी धरलेल्या आग्रहामुळे. भाषणाऐवजी हे कलम एखाद्या आठवीतल्या मुलीकडून आधी जुन्या आणि मग नव्या शब्दांत वाचून घ्या. दोन मिनिटांत काम होतं.

फलक मराठीत आणि गुजरातीतही लिहा, प्रत्येकीला दहा-बारा ओळी, अक्षर एवढं मोठं की चष्मा न शोधता वाचता यावं. शेजारच्या टेबलावर पुस्तकं काढून ठेवा, कपाटात बंद नकोत. वक्ता एकच, पंधरा मिनिटं. गाण्याची सोय असेल तर हिराबाई बडोदेकरांची ध्वनिमुद्रिका लावा. त्यांचा जन्म मिरजेचा, बडोद्याच्या होत्या त्यांच्या आई ताराबाई माने. हे सांगितलं की श्रोते आपोआप गप्पांना लागतात.

घराघरांतले जुने फोटो मागवायचे असतील तर मूळ प्रत ठेवून घेऊ नका. तिथल्या तिथे मोबाइलवर टिपून परत द्या आणि मालकाचं नाव, फोटोतली माणसं, अंदाजे साल असं नोंदवहीत लिहा. फोटोला डिंक लावू नका.

कार्यक्रम झाल्यावर काय करायचं, याचा धडा बडोद्याच्याच इतिहासात आहे. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं काम सोपवलं, आणि पुढे पुस्तकं पेट्यांत भरून गावोगावी जाऊ लागली. आपणही पंधरा-वीस पुस्तकांची एक पेटी करा, त्यात फलकांच्या छोट्या प्रती आणि देवघेवीची वही घाला. महिनाभर एका महिला मंडळाकडे, मग दुसऱ्या सोसायटीत. किल्ली तिथल्या कार्यवाह बाईंकडेच राहू द्या, वाचनालयात ठेवलीत तर पेटी उघडणारच नाही.