बोटीसाठी व्हॅक्यूम क्लीनर घेताय? या चुका टाळा

घरात केर काढला की तो उंबऱ्याबाहेर जातो. बोटीत तो खाली जातो. केबिनच्या फळ्यांच्या फटींतून वाळू, केस, दोरखंडाचे तंतू, बिस्किटांचा चुरा, ड्रिलने भोक पाडताना उडालेला भुसा हे सगळं बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळात जाऊन साचतं. तिथं इंजिनाचं तेल आणि खारं पाणी आधीच असतं. त्यात हा केर मिसळला की त्याचा लगदा होतो आणि तो पंपाच्या जाळीवर बसतो. कधी तो फ्लोट स्विचमध्ये, म्हणजे पाण्याबरोबर वर चढून पंप सुरू करणाऱ्या बटणात अडकतो, मग पाणी चढलं तरी पंप सुरूच होत नाही. मूरिंगवर, म्हणजे किनाऱ्यापासून दूर पाण्यातच बांधून, आठवडाभर एकट्या राहणाऱ्या बोटीला हा धोका फार मोठा आहे. म्हणून बोटीवरचा व्हॅक्यूम ही हौस नाही, तो देखभालीचा भाग आहे, आणि तो निवडताना विचारही तेवढाच करायला हवा.

बहुतेक जण दुकानात जाऊन मशीन बघतात आणि मग बोटीवर ते कसं चालवायचं याचा विचार करतात. विचार याच्या उलट क्रमाने करा. आधी वीज कुठून येणार ते ठरवा.

वीज न बघता मशीन घेणं

मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर उभ्या असलेल्या बोटीला किनाऱ्याची वीज मिळत नाही. कोचीला बोळगट्टी बेटावर मरिना, म्हणजे बोटी लावायचा सोयींचा धक्का आहे, तशा ठिकाणी बोटीशेजारीच २३० व्होल्टचं सॉकेट मिळतं. या दोन बोटींना एकच मशीन चालणार नाही.

घरातला १४०० वॅटचा व्हॅक्यूम इन्व्हर्टरवर लावायचा विचार अनेकांच्या मनात येतो. हिशोब करून बघा. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ १३७ अँपिअर करंट खेचला जाईल. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवायची नसते. म्हणजे कागदावर वीस-बावीस मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात एवढा करंट एकदम मागितला की बॅटरी तेवढंही देत नाही, व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर ओरडायला लागतो. बोटीत एकच बॅटरी असेल तर इंजिन सुरू करायचीही तीच. केबिन स्वच्छ झाली, पण स्टार्टर फिरत नाही आणि ओहोटी लागली आहे, ही वेळ कुणावर येऊ नये.

मग लोक गाडीत वापरायचा १२ व्होल्टचा छोटा व्हॅक्यूम आणतात. कल्पना वाईट नाही. असं १२० वॅटचं यंत्र १० अँपिअर घेतं, तेवढं बॅटरीला झेपतं. अडचण वायरची असते. बॅटरीपासून सॉकेट ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार झाली. ती दीड चौरस मिलिमीटरची असेल तर १० अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतो. मोटरला १२ च्या जागी पावणेअकरा व्होल्ट मिळतात आणि तिची ताकद जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते. मशीन नुसतं घोंघावतं, केर उचलत नाही, आणि दोष मशीनला दिला जातो.

असं झालं तर मल्टिमीटर घ्या. व्हॅक्यूम चालू ठेवून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग सॉकेटच्या मागच्या बाजूला व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर बदलायची आहे, मशीन नाही. नवी वायर ४ चौरस मिलिमीटरची टाका, आणि मिळाली तर कल्हई केलेल्या तांब्याची. खाऱ्या हवेत साधं तांबं आतून काळं पडत जातं. प्लग हाताला गरम लागत असेल तर सॉकेटच्या आत हिरवा थर चढला आहे असं समजा आणि सॉकेटही बदला. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज मात्र कधीही टाकू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. १० च्या जागी २० चा टाकलात तर त्यानंतर वायरच जळेल, आणि तीही फायबरच्या पॅनेलमागे, जिथे धूर येईपर्यंत काही कळत नाही.

वीस ते पस्तीस फुटांच्या बोटीसाठी मी १८ व्होल्टच्या कॉर्डलेस मशीनच्या बाजूने आहे. तुमच्या ड्रिलची बॅटरी ज्या कंपनीची, त्याच कंपनीचा व्हॅक्यूम घ्या म्हणजे बॅटऱ्या दोन्हीकडे चालतात. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॅट-अवर असतात. त्यात ३०० वॅटचं मशीन सोळा-अठरा मिनिटं चालतं, आणि छोट्या केबिनला तेवढं पुरतं. बॅटरी घरी चार्ज करून आणा. स्वस्त इन्व्हर्टरच्या खडबडीत विजेवर काही चार्जर भलतेच तापतात.

पेट्रोल असलेल्या बिल्जमध्ये व्हॅक्यूम घालणं

बाकीच्या चुकांनी पैसे जातात, या चुकीने जीव जाऊ शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात जाऊन बसते. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगीने भडका उडू शकतो. साध्या व्हॅक्यूमच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात आणि मोटर फिरताना ते ठिणग्या पाडतात. त्या मोटरीतून तुम्ही तळातली हवा ओढून घेता, याचा अर्थ नीट लक्षात घ्या.

आउटबोर्ड इंजिन असो की आतलं पेट्रोल इंजिन, टाकी, पाइप किंवा कार्ब्युरेटरजवळ वास येत असेल तर तिथे कुठलाही व्हॅक्यूम चालवू नका. 'वेट अँड ड्राय' लिहिलेलाही नाही. त्यातल्या 'वेट'चा अर्थ पाणी, इंधन नव्हे. सांडलेलं पेट्रोल शोषक कापडाने टिपा, कापड बोटीबाहेर काढा, सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्या. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असंही धरू नका. पेट्रोलच्या बोटीत बिल्जचा कोरडा केर हातानेच काढलेला बरा. डिझेल एवढं लवकर पेटत नाही, पण डिझेल-तेल मिसळलेलं पाणी ओढलं की फिल्टर आणि नळी कायमची वास मारते. म्हणून तिथेही आधी शोषक कापडच वापरा.

वॅट मोठे म्हणजे ओढ मोठी, असं समजणं

मशीन किती वीज खातं ते वॅटवरून कळतं. पाणी उचलायचं असेल तर खोक्यावरचा पास्कलचा, म्हणजे ओढीच्या मापाचा आकडा बघा. १०,००० पास्कलला पाण्याचा स्तंभ सुमारे एक मीटर उचलला जातो. हातात धरायच्या ६,००० पास्कलच्या मशीनच्या नळीचं तोंड पाण्यात पूर्ण बुडालं तर पाणी ६० सेंटिमीटरच्या वर चढणार नाही. खोल तळाच्या शिडाच्या बोटीत बिल्ज त्याहून खाली असतं. नळीचं तोंड थोडं तिरकं धरून पाण्याबरोबर हवाही ओढू दिली तर काम थोडं पुढे सरकतं, पण मुळात अशा बोटीसाठी १५,००० च्या पुढचं वेट-ड्राय मशीन घ्यावं आणि ते धक्क्याच्या विजेवर चालवावं.

धक्क्याची वीज घेताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेलं एक्स्टेन्शनच वापरा. वायर रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. भरती-ओहोटीने बोट वर-खाली होते, मुंबईत उधाणाला तर चार मीटरहून जास्त. तेवढी ढील ठेवा, पण जोड लोंबकळून पाण्यात जाणार नाही असा वर बांधून ठेवा.

ओलं ओढताना कागदी फिल्टर तसाच ठेवणं

वेट-ड्राय मशीनबरोबर सहसा दोन फिल्टर येतात, घड्यांचा कागदी आणि स्पंजचा. पाणी ओढायचं असेल तर स्पंजचा लावा आणि धुळीची पिशवी काढा. कागदी फिल्टरवर खाडीचा गाळ एकदा बसला की वाळून घट्ट होतो, झटकून निघत नाही. पाणी ओढताना आवाज अचानक चिरका झाला आणि ओढ थांबली, तर मोटर बिघडलेली नसते. टाकी भरून आतला फ्लोट, म्हणजे ओढ बंद करणारा तरंगता गोळा वर चढलेला असतो. बंद करा, रिकामी करा, फ्लोट खाली बसल्यावर पुन्हा सुरू करा. बोट हेलकावत असेल तर टाकी निम्मी भरायच्या आतच फ्लोट चढतो, तेही बिघाडाचं लक्षण नाही. साबणाचा फेस मात्र फ्लोटला कळत नाही. तो थेट मोटरीत जातो, म्हणून फेसाचं पाणी ओढूच नका.

गादी किंवा कार्पेट सतत दमट लागत असेल तर व्हॅक्यूम कमी पडतोय असं नाही. त्यात मीठ आहे आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. आधी कोरड्यातच वाळू आणि मिठाचे कण ओढून घ्या, मग गोड्या पाण्याने धुवा, ते पाणी ओढून काढा आणि उन्हात वाळवा. क्रम उलटा केला तर मीठ विरघळून आणखी आत जातं.

मशीनचं ड्रम प्लास्टिकचं घ्या. पत्र्याचं पहिल्याच मोसमात गंजतं आणि त्याची कड जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर चरे पाडते. डेक हलताना चाकं अडचणच करतात, त्याऐवजी पट्ट्याने बांधता येईल असं बुटकं मशीन बघा. नळी केबिनच्या नाळेकडच्या टोकापर्यंत पोहोचते का ते दुकानातच मोजा. फटींसाठी चपटं तोंड हवंच.

पावसाळ्यात घासकामाला तोच व्हॅक्यूम वापरणं

मेअखेर बोट वर काढली की सँडिंग सुरू होतं. फायबरग्लासची धूळ साध्या कापडी पिशवीतून आरपार जाते, मागून उडते आणि फुप्फुसात जाते. त्यासाठी एम क्लासचं (घातक बारीक धूळ अडवणारं) किंवा हेपा फिल्टरचं मशीन हवं, सँडरला थेट जोडलेलं, आणि तोंडावर चांगला मास्क. तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या अँटिफाउलिंग रंगात सहसा तांबं असतं. तो कोरडा घासूच नका, ओला घासा आणि खाली पडलेला गाळ ताडपत्रीवर गोळा करा.

बोट बंद करून ठेवताना मशीन आत सोडू नका. टाकी गोड्या पाण्याने विसळा, नळीतून स्वच्छ पाणी ओढा आणि नंतर दोन-तीन मिनिटं नुसती हवा जाऊ द्या. नळी टांगून ठेवा, टाकीचं झाकण उघडं राहू द्या, फिल्टर वाळल्याशिवाय बसवू नका. लिथियमची बॅटरी काढून घरी न्या आणि साधारण निम्मी चार्ज करून सावलीत ठेवा.