आधी पान उलटा: रंगवलेली डच एम्ब्लेम पुस्तकं जमवणाऱ्या नवख्यांसाठी

नेदरलँड्समध्ये नोकरीला येऊन दोनच वर्षं झाली होती. एका विक्रेत्याकडे एका एम्ब्लेम पुस्तकाची, म्हणजे चित्र, बोधवाक्य आणि त्यावरचं छोटं विवरण अशी पानं असलेल्या जुन्या पुस्तकाची, अपुरी प्रत दिसली: रूमर फिसरचं 'सिन्नेपॉपेन' (आम्स्टरडॅम, 1614). नामपृष्ठ नाही, बरीच पानं गळालेली, पण उरलेली सगळी हाताने रंगवलेली. त्यातलं ट्यूलिपचं चित्र बघून मी हरखलो. 'मूर्ख आणि त्याचा पैसा यांची लवकर फारकत होते' अशा अर्थाची ओळ त्यावर आहे, आणि नेदरलँड्समधला ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा कोसळला तो 1637 मध्ये, म्हणजे त्यानंतर 23 वर्षांनी! चार महिन्यांची बचत मोजून मी ती प्रत घरी आणली.

रंग जुना नव्हता. ते कळायला सहा महिने लागले, आणि अजूनही ती प्रत हातात घेतली की पोटात खड्डा पडतो.

म्हणून हे नीट समजून घ्या. ही पुस्तकं छापखान्यातून काळी-पांढरीच निघत. रंग हवा असेल तर गिऱ्हाईक वेगळे पैसे देऊन ते काम 'अफ्झेट्टर'कडून, म्हणजे चित्रं रंगवणाऱ्या कारागिराकडून करून घेई. डिर्क यान्स फान सांटनसारखा नामांकित कारागीर तर सोनंही वापरायचा. त्यामुळे छपाईचं साल आणि रंगाचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याने 1614 सांगितलं तर ते कागदाचं साल, रंगाचं नव्हे. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

पान उलटा आणि मागून बघा. त्या काळी हिरव्यासाठी बहुधा जंगाल वापरत. तांब्याचा हा रंग कागद हळूहळू जाळतो, म्हणून जिथे पुढे पानं-गवत असतं, तिथे मागे तपकिरी छाया उतरते. माझ्या ट्यूलिपची मागची बाजू स्वच्छ होती. तेवढ्यावरून लगेच निकाल देऊ नका, कारण निळा-पिवळा मिसळून केलेला हिरवा जाळत नाही. मला खात्री पटली ती एका ठिगळामुळे. एका बाइंडरबाईंनी पान खिडकीशी तिरकं धरलं. कसरीने पाडलेलं भोक नव्या कागदाने बुजवलं होतं, आणि हिरवा रंग त्या ठिगळावरून सलग गेला होता. अतिनील टॉर्चखाली ठिगळ निळसर चमकलं. कागदाला अशी चमक देणारी रसायनं साधारण 1950 नंतरची. रंग त्याहूनही नंतरचा! शिवाय दुरुस्तीच्या वेळी धुतलेल्या जुन्या कागदातली सरसाची खळ निघून गेलेली असते, म्हणून नवा रंग रेषेबाहेर फुटतो. भिंगातून पाहिलं तर ते दिसतं.

नुसता टॉर्च विकत घेऊन तज्ज्ञ झालो असं समजणारे खूप भेटतात. टॉर्चने शंका येते, निकाल लागत नाही. फोटो बघून रंगीत प्रत घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. फोटोत मागची बाजू नसते. आणि विक्रेत्याला गुरू करू नका. तो चांगला माणूस असेल, पण त्याला ती प्रत विकायची असते. मला शिकवलं ते त्या बाइंडरबाईंनी, एक पैसा न घेता.

सुटी रंगीत पानं तर मी घेतच नाही. फ्रेमसाठी मागणी असते म्हणून पुस्तकं फाडली जातात, हे डोळ्यांनी पाहिलंय.

घाबरू मात्र नका. बिनरंगी प्रत म्हणजे दुय्यम प्रत नव्हे, ती छापखान्यातून निघाली तशी आहे. डच कवी याकोब काट्सची एम्ब्लेम पुस्तकं इतक्या वेळा छापली गेली की त्याच्या उशिराच्या, छोट्या आवृत्त्यांपासून सुरुवात करता येते. त्यांतली चित्रकार आड्रियान फान डे फेन्नेची चित्रं रंगाशिवाय बघायला शिका. 'एम्ब्लेम प्रोजेक्ट उट्रेख्त' या संकेतस्थळावर 27 प्रेमविषयक एम्ब्लेम पुस्तकं फुकट वाचता येतात, तिथे 'ae', 'gh' या जुन्या स्पेलिंगचीही सवय होते. हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आधी मागणी नोंदवून जुनी प्रत समोर घ्या. रंगीत मिळाली तर चित्राआधी तिची मागची बाजू बघा.

माझी प्रत मी विकलेली नाही. कोणी नवखा घरी आला की तेच ट्यूलिपचं पान त्याच्या हातात देतो आणि ठिगळ शोधायला लावतो.