बचत गटाचा हिशेब मोबाइलवर: शीट आपणच बनवायचं

बचत गटासाठी तयार अ‍ॅप शोधत बसू नका. साधं गुगल शीट पुरतं, फक्त ते गटातल्याच कुणीतरी बनवलेलं असावं. आमच्या बारा जणींच्या गटाची मी सचिव आहे आणि माझं याबाबत ठाम मत आहे: कुठला आकडा कुठून आला हे बाहेरच्या माणसाला विचारावं लागलं, की हिशेब आपल्या हातातून गेला.

सुरुवात वहीपासून करा. वहीत रकाने ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने शीटमध्ये घ्या: सदस्य क्रमांक, नाव, बचत, मुद्दल, व्याज, दंड, बाकी. सगळ्यांची नजर त्या क्रमाला सरावलेली असते. क्रमांक हवाच. आमच्यात दोन सुनीता आहेत; नुसत्या नावावर बेरीज लावली तर दोघींची बचत एकत्र पडेल. रकमेच्या चौकोनात फक्त आकडा टाका. '२०० रु.' असं लिहिलं की शीट तो मजकूर धरतं आणि बेरजेत घेत नाही.

आता खरं काम, व्याजाचं. आमच्याकडे अंतर्गत कर्जाला, म्हणजे गटाच्या पैशातून सदस्याला दिलेल्या कर्जाला, महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज आहे. एखादीने १०,००० घेतले आणि हजाराच्या दहा हप्त्यांत फेडायचे ठरले, तर पहिल्या महिन्याचं व्याज २००. दुसऱ्या महिन्यात मुद्दल ९,००० उरलं, म्हणून १८०. असं उतरत शेवटी २०. एकूण १,१००. पण दर महिन्याला मूळ रकमेवरच २०० घेत राहिलं, तर २,००० होतात. तेवढ्या नऊशे रुपयांत पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागतं. म्हणून सूत्र लिहिताना मूळ कर्जाचा नाही, मागच्या महिन्याच्या बाकीचा चौकोन धरा: बाकी गुणिले दोन, भागिले शंभर. मग सूत्राचे चौकोन कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर एकदाच बसून 'प्रोटेक्ट' करा, म्हणजे मोबाइलवर बोट लागून ते पुसले जाणार नाहीत.

बैठकीत आकडे भरताना मोठ्याने वाचा. "क्रमांक सात, बचत दोनशे, हप्ता हजार, व्याज एकशे ऐंशी." जिची रक्कम तिने हो म्हटलं की पुढे. उठण्याआधी मेळ घाला: मागची शिल्लक अधिक आजची जमा, वजा आज दिलेलं कर्ज आणि खर्च. हा आकडा पेटीतली रोकड आणि बँकेतली रक्कम मिळून जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर कुणी घरी जायचं नाही.

बदल करायची परवानगी सचिव आणि आणखी एकीला, बाकीच्यांना फक्त बघायची. लिंक सगळ्यांसाठी खुली ठेवू नका, आणि आधार क्रमांक शीटमध्ये अजिबात नको. रेंज नसलेल्या गावात शीट आधीच 'ऑफलाइन' करून ठेवा.

वही बंद करायची नाही. कर्ज देताना बँक पंचसूत्री बघते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. तिथे सह्या-अंगठ्यांची वही आणि प्रोसिडिंग, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, लागतंच.

मार्च संपला की शीटची प्रत काढून तिला वर्षाचं नाव द्या. नव्या शीटमध्ये आधी प्रत्येकीची जमा बचत आणि बाकी कर्ज एवढंच उतरवा. ते सगळ्यांसमोर वाचून झाल्याशिवाय एप्रिलची बचत भरू नका.